वर्ध्याच्या अँटेना आणि ईशान्य दिशा

१/९ नागपूरचे दूरदर्शन केंद्र १९८२ मध्ये सुरू झाले. त्या दशकात वर्धा जिल्ह्यात टीव्ही विकत घेणे हे निम्मेच काम होते. पडद्यावर चित्र आणणे ही स्वतंत्र विद्या होती. आज विस्मरणात जाऊ पाहणाऱ्या त्या विद्येविषयी हा धागा.

२/९ अडचण भूगोलाची होती. टीव्हीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिजापलीकडे क्षीण होतात. मनोरा १५० मीटर आणि अँटेना १० मीटर उंच धरली, तर ही मर्यादा सुमारे ६३ किलोमीटर भरते. नागपूर ते वर्धा हे सरळ अंतर ७० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे वर्धा अगदी काठावर.

३/९ म्हणूनच दिशेला महत्त्व. नागपूरचे चित्र पकडण्यासाठी वर्ध्याची अँटेना ईशान्येकडे, हिंगणघाटची जवळजवळ उत्तरेकडे, तर आर्वीची पूर्वेकडे वळवावी लागे.

४/९ अँटेनाचा आराखडा जपानी अभियंते यागी आणि उदा यांचा, १९२६ चा. मुख्य दांड्याची लांबी लहरीच्या लांबीच्या निम्मी असते. त्याच्या मागचा दांडा लहर परतवतो, पुढचे दांडे तिला दिशा देतात. दूरच्या गावांत दांडे वाढत, बांबू उंच होई, बूस्टर जोडला जाई.

५/९ जुळवणीला माणसे लागत : एक छपरावर, एक पडद्यासमोर, मध्ये निरोप्या. संकेत क्षीण असला की पडद्यावर ‘मुंग्या’ येत. एखाद्या इमारतीवरून परावर्तित झालेली लहर किंचित उशिरा पोहोचली की चित्राला सावली पडे. दोन्ही दोष कमीत कमी असलेला कोन शोधणे, हे खरे कौशल्य.

६/९ १९८४ मध्ये देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले आणि छोट्या शहरांचे नागपूरसारख्या केंद्रांवरचे अवलंबन घटले. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा एका संचासमोर अख्खी आळी जमत असे.

७/९ व्हीसीआर जोडताना अँटेनाची वायर आधी व्हीसीआरमध्ये आणि तिथून टीव्हीत जाई. व्हीसीआर हे जणू घरातले चिमुकले प्रक्षेपण केंद्रच होते. टेपवरचे चित्र ते एका रिकाम्या चॅनेलवर सोडी. टीव्हीची खुंटी हलक्या हाताने फिरवून तो चॅनेल शोधावा लागे.

८/९ व्हीएचएस टेप जेमतेम अर्धा इंच रुंद. तिच्यावर तिरप्या रेघांत चित्र साठवलेले असे आणि सेकंदाला २५ फेरे घेणाऱ्या ढोलावरील ‘हेड’ ते वाचत. हेड रेघेवरून ढळले की पडद्यावर पट्टे उमटत. मग ‘ट्रॅकिंग’ फिरवायचे, नाहीतर हेड साफ करायचे.

९/९ जपानमधील फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. दूरदर्शनचे बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपकही २०२२ पर्यंत बंद झाले. मात्र त्या दशकांतील लग्ने, गावचे उत्सव आणि दिवंगतांचे आवाज अजूनही कपाटांतील कॅसेटवर आहेत. चुंबकीय थर झिजतो, बुरशी धरते आणि चालू यंत्रे दरवर्षी कमी होतात. वर्ध्याच्या सामाजिक इतिहासाची ही साधने कोणत्याही दप्तरखान्यात सापडणार नाहीत. कॅसेटचे डिजिटायझेशन आणि छपरावर चढणाऱ्या पिढीच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण, ही दोन्ही कामे आताच व्हायला हवीत.