मल्हार, चिखल आणि करवीरचे श्रोते

ऋतू आणि संगीत यांचा विषय निघाला की आपण लगेच रागांकडे वळतो: पावसाळ्यात मल्हार, वसंतात बसंत, बहार, हिंदोल. ऋतुकालिक राग त्या त्या ऋतूत कोणत्याही प्रहरी गाण्याची मुभाही परंपरेने दिलेली आहे. परंतु कोल्हापूरच्या संगीताचा इतिहास पाहू लागलो की हा संकेत किती थोड्या श्रोत्यांपुरता होता, हे ध्यानात येते.

अल्लादियाखाँ १८९५ च्या सुमारास शाहू छत्रपतींच्या दरबारी आले. दरबारी गवयाला पावसाची अडचण नसते. शिवाय त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याचा ओढा अनवट व जोड रागांकडे. ‘बसंती केदारा’त वसंताचा राग रात्रीच्या केदाराशी जोडला जातो, तेथे ऋतू हा स्वरबांधणीतला एक घटक उरतो, बाहेरचे हवामान नव्हे.

राजवाड्याबाहेर ऋतू निराळ्या वाटेने कानापर्यंत पोहोचे. पावसाळ्यात तमाशाचे फड बंद. ह्यात रसिकतेचा प्रश्नच नव्हता. चिखलात तंबूच्या खुंट्या धरत नाहीत, गाड्या रुततात, आणि पेरणी-भांगलणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या हाती पैसाही नसतो. दसऱ्याला हंगाम सुरू होई, सुगीनंतर सुपाऱ्या वाढत आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांत तो कळसाला जाई. (जोतिबाच्या चैत्री यात्रेत हलगी-पिपाणीवर नाचणाऱ्या सासनकाठ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना वसंताचा वेगळा राग सांगावा लागत नाही.) पावसाळ्यात गाणे थांबत नसे, ते देवळात आणि माजघरात शिरे: श्रावणातली भजने, पंचमीचे फेर, गौरीचा झिम्मा. सासुरवाशिणीला चारचौघींत मोकळ्या आवाजात गाण्याचे हेच दिवस. ह्या ऐकण्याला ‘आवडनिवड’ म्हणावे काय? मला तो शब्द अपुरा वाटतो.

१९१५ मध्ये उभ्या राहिलेल्या पॅलेस थिएटरने सामान्य प्रेक्षकालाही छप्पर दिले. पुढे त्याला केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी ऐन पावसाळ्यात ते आगीत भस्मसात झाले. फडांना मात्र असे छप्पर कधी मिळाले नाही. फडमालकाकडून घेतलेली उचल हंगामात फेडायची, उरलेले महिने मिळेल ते काम करायचे, हेच कलावंतांचे ऋतुचक्र. २०२० साली टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च, नेमका गुढीपाडव्याचा होता. जत्रा रद्द झाल्या, आणि वर्षाची भाकरी ज्या दोन महिन्यांवर असते तेच हातचे गेले.