पारध्याच्या मुलाचें शिक्षण

मुलास शिकारीची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न राजवाड्यांत एका रीतीनें सुटे आणि माळावरच्या पालांत अगदीं निराळ्या रीतीनें. मोंगल बादशहा जहांगीर यानें आपल्या आत्मचरित्रांत हिशेब दिला आहे, कीं वयाच्या 12 व्या वर्षापासून 50 व्या वर्षापर्यंत त्याच्या समक्ष 28,532 जनावरें शिकारींत पडलीं आणि त्यांपैकीं 17,167 त्यानें स्वतः मारलीं. राजपुत्राच्या शिक्षणांत मोजावयाचें तें मारलेलें! निलंग्यापासून फार दूर नसलेल्या कल्याणींत, म्हणजे आजच्या बसवकल्याणांत, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें 12 व्या शतकांत ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांतही मृगया हा राजाचा एक विनोदच गणिला आहे.

परंतु ज्यांस मृगया हा विनोद नव्हता, पोटाची भाकरी होती, असे लोकही ह्याच मुलखांत हिंडत. ते फांसेपारधी. लातूर-नांदेडकडील काळ्या रानांत आणि माळांवर काळविटांचे कळप चरत, आणि कळपांच्या मागावर पारध्यांचीं पालें पडत. पारध्याची भिस्त बंदुकीवर नसे. फांस आणि शिकवून तयार केलेली गाय हेंच त्याचें भांडवल. गायीस हरणें बुजत नाहींत. तिच्या आडोशानें तो कळपाच्या जवळ सरके आणि त्यांच्या वाटेवर फांस मांडी. तितर धरावयाचे, तर माणसाळविलेला तितर पिंजऱ्यांत ठेवून त्याच्या ओरडण्यानें रानांतले तितर फांसांत आणावयाचे. ही विद्या पाटीवर लिहून येण्याजोगी नव्हती. वारा कोणीकडचा, खुराचा ठसा ताजा कीं शिळा, हें मूल बापाच्या मागें चालतां चालतांच शिके.

शिक्षणाचा कठीण भाग मात्र फांसांत जनावर सांपडल्यानंतरचा. कैलाश मल्होत्रा व माधव गाडगीळ ह्या संशोधकांनीं 20 व्या शतकाच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रांतील फांसेपारधी, वैदू व नंदीवाले यांच्या शिकारीचा अभ्यास केला. तिघांच्या रीती वेगळ्या आणि मुख्य सावजेंही वेगळीं, असें त्यांस आढळलें. त्यामुळें एकाच मुलखांत हिंडूनही ते एकमेकांच्या ताटांतलें ओढीत नसत. फांसांत गाभण हरिणी किंवा पाडस सांपडल्यास तें सोडून द्यावें, असा फांसेपारध्यांचा दंडकही त्यांनीं नोंदविला. पालांत चूल थंड असतां हातांतलें सावज सोडणें ही लहान गोष्ट नव्हे. ह्यांत दया किती आणि पुढच्या सालाचा विचार किती, हें कोणीं ठरवावें? ज्याच्या नातवासही त्याच कळपावर जगावयाचें आहे, त्याला हे दोन्ही वेगळे दिसत नसावेत.

अशा मुलाकडे सरकारनें कोणत्या दृष्टीनें पाहिलें? इंग्रज सरकारनें 1871 सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढें पारध्यांवरही तो शिक्का बसला. तो कायदा 1952 सालीं रद्द झाला; लोकांच्या मनांतला शिक्का मात्र तितक्या लवकर पुसला नाहीं. मध्यंतरीं गायरानें नांगराखालीं गेलीं, बंदूक आणि जीप घेऊन हौशी शिकारी माळावर आले. त्यांना गाभण कोण आणि पाडस कोण हें पाहण्याची गरज नव्हती. पुढच्या सालीं त्याच माळावर पोट भरावयाचें नव्हतें. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटाची शिकार बंद झाली. कळप इतके विरळ झाल्यावर ती बंदी हवीच होती. पण त्या बंदीनें हौशी माणसाचा खेळ तेवढा गेला. पारध्याचें पोट आणि मुलास देण्याजोगी एकुलती विद्या, दोन्ही एकदमच गेलीं. त्या विद्येच्या मोबदल्यांत त्याला काय द्यावयाचें, हा विचार फार उशिरां सुरू झाला.

मध्यप्रदेशांत पन्नाच्या जंगलालगत आतां पारधी तरुण प्रवाशांस रानांतून पायीं नेतात, पाखरांचे आवाज काढून दाखवितात, आणि ओल्या मातींतला ठसा कोणाचा व तो केव्हां उमटला, हें वाकून सांगतात.