स्पिटफायरची काच

परवा इंग्लंडातल्या मित्राकडे त्याच्या वडिलांच्या ट्रायम्फ स्पिटफायरची पुढची काच बदलली. १९६२ ते १९८० या काळात निघालेली ही गाडी. रबराच्या खाचेत दोरी घालायची. एकाने आतून ओढायची, दुसऱ्याने बाहेरून काच दाबायची!

जुनी काच टफन्ड, वायपरने ओरखडलेली. ती फुटली की क्षणात चुरा. तरी "बाबांची होती तशीच हवी," म्हणून मित्र हटून बसला. मग मी बेनेडिक्टसची गोष्ट सांगितली. १९०३ साली या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा काचेचा चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही म्हणे. आत नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा होता. त्यातूनच पुढे लॅमिनेटेड काच आली.

मित्र गप्प. शेजारच्या सीटवर त्याची लेक बसणार होती.

लॅमिनेटेडच बसवली. जुनी काच गॅरेजच्या भिंतीला टेकून आहे.