कोलाम जमात व शासकीय साहाय्य

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी, केळापूर, मारेगाव इ. तालुक्यांत तसेच लगतच्या चंद्रपूर, नांदेड व आदिलाबाद (तेलंगण) या भागांत राहणाऱ्या कोलाम या आदिम जमातीसाठी शासनाने वेळोवेळी केलेली तरतूद. कोलामांची बोली द्राविडी कुलातील असून सेतुमाधवराव पगडी यांनी तिचे व्याकरण लिहिले. मुख्य गावापासून अलग, रानालगतच्या त्यांच्या वस्तीस ‘पोड’ म्हणतात. पोडाचा कारभार नाईक व महाजन पाहतात. साहाय्य पोडापर्यंत पोहोचण्यास अंतराची अडचण होतीच. परंतु कोलामास कोणत्या सदरात मोजावे, हा प्रश्न तिच्याहून अधिक काळ रेंगाळला.

वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आल्यानंतर तेथील वनांचे क्रमाक्रमाने आरक्षण झाले आणि फिरत्या शेतीस आळा बसला. जंगल तोडून पेरणारा कोलाम मजुरीकडे वळला. बांबूच्या टोपल्या व तट्टे विणणे हा त्याचा जोडधंदा राहिला. त्या काळी शासनाच्या लेखी तो प्रामुख्याने वनाचा उपद्रवकर्ता होता.

राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जमातींची यादी निश्चित झाली. या यादीस प्रादेशिक मर्यादा होती. यवतमाळ जिल्ह्यापुरती ती केळापूर, वणी व यवतमाळ या तहसिलींनाच लागू होती. परिणामी दारव्हा वा पुसद तहसिलीतील कोलाम, भाषा व कुलाचार एकच असूनही, अनुसूचित ठरत नसे. ही मर्यादा १९७६ च्या दुरुस्ती अधिनियमाने दूर झाली. तत्पूर्वीच महाराष्ट्र विधिमंडळाने जमीन परत करण्याच्या १९७४ च्या अधिनियमात तिच्यातून वाट काढली होती. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ धारकांस परत देण्याची तरतूद करताना, विनिर्दिष्ट प्रदेशाबाहेर राहणाऱ्या पण संरक्षणाची गरज असलेल्या त्याच जमातींच्या व्यक्तींनाही त्यात धरले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हा अधिनियम वैध ठरविला. तथापि ज्याच्या नावे सातबारा कधी लागलाच नव्हता, त्यास परत मिळण्याजोगे काही नव्हते.

पाचव्या पंचवार्षिक योजनेत (१९७४–७९) आदिवासी उपयोजना सुरू झाली आणि कृषिपूर्व तंत्र, अत्यल्प साक्षरता व स्थिर वा घटती लोकसंख्या या निकषांवर काही जमाती ‘आदिम’ म्हणून वेगळ्या काढण्यात आल्या. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीनच जमातींचा त्यांत समावेश झाला. घाटंजी तालुका पांढरकवडा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कक्षेत आला. पुढे १९८५ च्या आदेशाने तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात आली, उरलेली बाहेर राहिली. म्हणजे प्रदेशाची रेघ पुन्हा एकदा तालुक्याच्या मधूनच गेली.

या साऱ्या काळात पोडाच्या रोजच्या जीवनाशी सर्वांत निकटचा संबंध आला तो खावटी कर्जाचा. पेरणीनंतर पावसाळ्याच्या महिन्यांत घरातील ज्वारी संपते. मग सावकाराकडून सवाई-दिढीने धान्य उचलावे लागे व त्याची फेड पीक निघताच होई. ही साखळी तोडण्यासाठी १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत अंशतः रोख व अंशतः वस्तुरूपाने खावटी देण्यात येऊ लागली. उपाय अचूक होता, पण कर्जाची वसुली पोटाला मिळालेल्या धान्याचीच असल्याने थकबाकी साचत गेली. योजना पुढे खंडित झाली. करोना साथीच्या वेळी, २०२० मध्ये, तिला एका वर्षापुरते अनुदानाचे रूप देऊन कुटुंबास ४,००० रुपयांचे साहाय्य मंजूर झाले. त्यातील निम्मे रोख व निम्मे वस्तुरूप होते.

संजय गांधी निराधार अनुदान योजना (१९८०) ही जातिनिरपेक्ष असून विधवा, अपंग व परित्यक्ता यांच्यासाठी आहे. तीत वय, उत्पन्न व १५ वर्षांचा रहिवास यांचे दाखले लागतात. जन्माची नोंद न होणाऱ्या पोडातील वृद्धेस हे पुरावे जुळविणे अनुदान मिळविण्याइतकेच कठीण. जमातीच्या दाखल्यासाठीही १९५० पूर्वीचा वडिलार्जित रहिवास दाखवावा लागतो.

वनहक्क अधिनियमाने (२००६) आदिम जमातींच्या अधिवासाचा हक्क प्रथमच मान्य केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने या जमातींसाठी स्वतंत्र अभियान घोषित केले. घर, रस्ता व पाणी यांसाठी त्यात ग्रामपंचायतीऐवजी वस्ती हा घटक धरला आहे. अभियानाच्या आरंभी गावोगाव शिबिरे भरली, ती आधारपत्र, बँकखाते व जातीचा दाखला देण्यासाठी.