बाटली क्रमांक ५३-एन

१८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुण्या-नगरकडे पसरला, आणि लशीचा भार वाल्देमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर पडला. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. पण ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतले, ५३-एन. चौकशी आयोगाने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. कार्बोलिक आम्ल न घालता नुसत्या उष्णतेने लस निर्जंतुक करण्याची हाफकिन यांची पद्धतही त्याला खटकली. मात्र त्याच चौकशीत दोन गोष्टी नोंदल्या गेल्या होत्या. बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक झाला नव्हता. शिवाय उघडताना बाटलीला दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू मुंबईपासून त्यात वाढत आले असते, तर ती आलीच असती. निष्कर्ष पुराव्याला सोडून गेला, तो असा.

रोनाल्ड रॉस आदी दहा शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मधून हा आरोप खोडून काढला. सरकारने हाफकिनना पुन्हा नोकरी देऊ केली, पण ती कलकत्त्यात. माझ्या मते इथेच गफलत झाली. माणसाला जागा देणे वेगळे आणि निष्कर्ष मागे घेणे वेगळे.

आयोगाने काही लबाडी केली नव्हती, मग माघारीचा आग्रह कशाला, असे कुणी म्हणेल. पण माघार ही लबाडीची शिक्षा नव्हे. आज वैद्यकीय नियतकालिके प्रामाणिक चुकीमुळे अविश्वसनीय ठरलेला निबंधही मागे घेतात. निबंध जागेवर राहतो, त्याच्यावर तसा शिक्का बसतो. दिरंगाई तिथेही होतेच. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८चा निबंध मागे घ्यायला 'लॅन्सेट'ला २०१० उजाडले. २०२० मध्ये मात्र त्याच नियतकालिकाने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा निबंध दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला. ऐन साथीत अशी कबुली दिली तर लोकांचा विश्वास डळमळतो, ही शंका अधिक वजनाची आहे. मुलकोवालनंतर पंजाबातली लसीकरणाची मोहीम थंडावली, तेव्हा तो डळमळलाच होता. ज्या प्रयोगशाळेवर संशय होता तिचा दोष नसल्याचे सरकारने स्वतःच्याच अहवालाच्या जागी छापले असते, तर लस टोचणाऱ्या डॉक्टरच्या हाती दाखवायला निदान एक कागद राहिला असता. १९२५ साली प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव मिळाले, पण नाव दिल्याने तो अहवाल दुरुस्त होत नाही.