पडदा निवडण्याआधी खोली पाहा

वर्धा, प्रतिनिधी : चित्रपटसृष्टीला मराठीत 'रुपेरी पडदा' म्हणण्याची रीत जुनी आहे. हा केवळ भाषेचा अलंकार नव्हे. चित्रपटाच्या आरंभीच्या काळात प्रक्षेपकांचे दिवे मंद असत. त्यांचा जेवढा उजेड मिळेल तेवढा प्रेक्षकांकडे परतावा म्हणून पडद्यावर चकाकणाऱ्या धातूचा लेप देत. पुढे दिवे प्रखर झाले, बहुतेक चित्रपटगृहांतून तो लेप गेला, नाव मात्र राहिले. घरी होम थिएटर उभारणाऱ्यांसाठी या इतिहासात एक उपयुक्त धडा आहे. पडद्याचा पृष्ठभाग प्रोजेक्टरचा उजेड, खोली आणि बसणारी माणसे यांवरून ठरतो. महाग पडदा म्हणजे चांगला पडदा, हे समीकरण येथे चालत नाही.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांसारख्या गावांतील घरांचा विचार केला, तर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो. होम थिएटरसाठी वेगळी, खिडकीविरहित खोली फार थोड्यांकडे असते. प्रोजेक्टर लागतो तो दिवाणखान्यात. तेथे भिंती पांढऱ्या वा फिक्या, खिडक्या मोठ्या आणि उन्हाळ्यात एका खिडकीला कूलर. अशा खोलीत कोणता पडदा लावावा, हे ठरवण्यापूर्वी पडदा काय करतो आणि काय करू शकत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे.

काळा रंग येतो कोठून?

प्रोजेक्टर पडद्यावर केवळ उजेड टाकू शकतो. अंधार टाकू शकत नाही. चित्रातील काळी रात्र किंवा काळे केस म्हणजे पडद्याचा तो भाग, जेथे प्रोजेक्टरचा उजेड जवळजवळ पडत नाही. त्यामुळे प्रोजेक्टर बंद असताना पडदा जितका काळोखा दिसतो, त्याहून गडद काळा रंग चित्रात कधीच दिसणार नाही.

याचा हिशेब सोपा आहे. १०० इंच कर्णाचा, १६:९ प्रमाणाचा पडदा साधारण ८७ इंच रुंद व ४९ इंच उंच असतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस फूट भरते. चित्रपटासाठीच्या रंगयोजनेत प्रोजेक्टर १२०० ल्युमेन देत असेल, तर साध्या पांढऱ्या पडद्यावर १२०० भागिले ३०, म्हणजे ४० फूट-लॅम्बर्ट इतकी उजळता मिळते. डिजिटल चित्रपटगृहांसाठीचे प्रमाण सुमारे १४ फूट-लॅम्बर्ट आहे. अर्थात अंधाऱ्या खोलीत घरच्या पडद्याला उजेडाची वाण नाही.

आता समजा, ट्यूबलाइटचा १०० लक्सच्या आसपास उजेड त्याच पडद्यावर पडतो आहे. त्याने पडद्यावर जवळजवळ ९ फूट-लॅम्बर्टची भर पडते. पांढरा भाग ४९ आणि 'काळा' भाग ९! दोहोंतील अंतर अवघे साडेपाच पटींचे उरते. प्रोजेक्टरच्या खोक्यावर हजारोंच्या घरातले कॉन्ट्रास्टचे आकडे छापलेले असले, तरी या खोलीत त्यांना काही अर्थ राहत नाही. नळी बंद करून दार लावले, की तेच चित्र खुलते. म्हणूनच पडद्यावर होणाऱ्या खर्चातील पहिला वाटा जाड, गडद रंगाच्या खिडकीच्या पडद्यांसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

'गेन'चा आकडा

पडद्याच्या माहितीपत्रकात 'गेन' नावाचा आकडा असतो. मॅग्नेशियम कार्बोनेटसारख्या प्रमाणित पांढऱ्या पृष्ठभागाच्या तुलनेत पडदा समोरच्या दिशेला किती उजेड परतवतो, ते हा आकडा सांगतो. गेन १ म्हणजे तितकाच, १.३ म्हणजे तीस टक्के अधिक, ०.८ म्हणजे वीस टक्के कमी.

मात्र पडदा स्वतः उजेड निर्माण करीत नाही. अधिक गेनचा पडदा बाजूंना जाणारा उजेड आवरून समोर वळवतो, एवढेच. साहजिकच मधोमध बसणाऱ्याला चित्र उजळ दिसते आणि कडेला बसणाऱ्याला मंद. शिवाय पडद्याच्या मध्यभागी उजळ डाग आणि कडांना अंधारी, असा दोषही दिसू लागतो. ज्या कोनातून उजळता निम्मी होते, तो कोन माहितीपत्रकात पाहावा. आपल्याकडे आजी दिवाणावर, मुले सतरंजीवर आणि शेजारी दाराजवळच्या खुर्चीवर, अशी बैठक असते. सर्वांना सारखे चित्र दिसावे असे वाटत असेल, तर गेनच्या मोठ्या आकड्याचा मोह टाळावा.

पांढरा मॅट पडदा

गेन १ ते १.१ असलेला पांढरा, चमकविरहित पडदा उजेड सर्व दिशांना जवळपास सारखा पसरवतो. रंग बिघडत नाहीत, डाग दिसत नाही, कोठेही बसले तरी चालते. खोली पूर्ण अंधारी करता येत असेल आणि चित्रपट रात्रीच पाहायचे असतील, तर या पडद्यापलीकडे जाण्याचे कारण नाही. बाजारातील सर्वांत स्वस्त प्रकारांत याची गणना होते, ही आणखी जमेची बाजू.

करडा पडदा

२००० नंतरच्या काही वर्षांत घरगुती डिजिटल प्रोजेक्टरांना गडद काळा रंग साधत नसे. त्यावर उपाय म्हणून करडे पडदे लोकप्रिय झाले. प्रोजेक्टर सुधारले तरी करड्या पडद्याचे एक काम शिल्लक आहे, आणि ते बहुतेकदा चुकीचे समजले जाते.

साधा करडा पडदा थेट पडणाऱ्या दिव्याचा किंवा उन्हाचा उजेड जितका कमी करतो, तितकेच चित्रही मंद करतो. तेथे लाभ नाही. लाभ आहे तो फिक्या भिंतींच्या खोलीत. चित्राचा उजेड पडद्यावरून पांढऱ्या छतावर व भिंतींवर जातो आणि तेथून उलटून पुन्हा पडद्यावर येतो. ०.८ गेनच्या करड्या पडद्यावर मूळ चित्र ८० टक्के उरते, पण हा उलटून आलेला उजेड पडद्यावरून दोनदा परततो, म्हणून तो ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्केच उरतो. काळा रंग तेवढा सुधारतो. वर्धा-हिंगणघाटच्या पांढऱ्या भिंतींच्या दिवाणखान्यात, रात्री दिवे मालवून पाहणाऱ्यांसाठी हा मध्यममार्ग आहे. घरमालक परवानगी देत असेल, तर पडद्यालगतचे छत व बाजूच्या भिंतींचा दोन-तीन फुटांचा पट्टा गडद, चमकविरहित रंगात रंगवून घेतला, तरी हाच परिणाम साधतो.

रुपेरी आणि काचमण्यांचा पडदा

धातूचा लेप दिलेला रुपेरी पडदा आज मुख्यतः एका कामासाठी लागतो. ध्रुवीकृत प्रकाशावर चालणाऱ्या त्रिमितीय चित्रपटांत प्रकाशाचे ध्रुवीकरण टिकणे आवश्यक असते आणि ते असा पडदा टिकवतो. घरगुती प्रोजेक्टरांची त्रिमितीय सोय बहुधा उघडझाप करणाऱ्या बॅटरीच्या चष्म्यावर चालते; तिला रुपेरी पडद्याची गरज नाही.

काचेचे सूक्ष्म मणी बसवलेला पडदा आलेला उजेड पुन्हा प्रोजेक्टरच्याच दिशेने परतवतो. प्रोजेक्टर टेबलावर, डोक्यांच्या पातळीला असेल तर ठीक. तो छताला टांगला, तर पडद्याचा सारा झगमगाट छताकडे जातो आणि खाली बसलेल्यांच्या वाट्याला मंद चित्र येते. जुन्या शाळा-महाविद्यालयांतील स्लाइडचे पडदे अनेकदा या प्रकारचे असत. ते स्वस्तात मिळाले, तरी घेण्यापूर्वी प्रोजेक्टरची जागा पाहावी.

उजेड अडवणारा पडदा

दिवसा क्रिकेटचा सामना पाहायचा, पाहुण्यांची ये-जा चालू आणि दिवे मालवणे अशक्य, अशा खोलीसाठी 'एएलआर' या नावाने ओळखले जाणारे पडदे निघाले आहेत. प्रोजेक्टरच्या दिशेने येणारा उजेड प्रेक्षकांकडे वळवायचा आणि इतर दिशांनी येणारा शोषून घ्यायचा किंवा बाजूला टाकायचा, हे त्यांचे तत्त्व.

यांत दोन जाती आहेत आणि त्यांची अदलाबदल करता येत नाही. भिंतीलगत टीपॉयवर ठेवायच्या 'अल्ट्रा शॉर्ट थ्रो' प्रोजेक्टरसाठीच्या पडद्यावर करवतीच्या दात्यांसारख्या बारीक आडव्या रेषा असतात. त्यांची वरची बाजू काळी असून छताचा उजेड गिळते, तर खालची बाजू प्रोजेक्टरचा उजेड समोर फेकते. हाच पडदा छताला टांगलेल्या साध्या प्रोजेक्टरपुढे लावला, तर तो प्रोजेक्टरचाच उजेड गिळून टाकील. दुसरी जात लांबून चित्र टाकणाऱ्या साध्या प्रोजेक्टरसाठी असते. तिच्यासाठी उत्पादकाने सांगितलेले किमान अंतर पाळावे लागते, अन्यथा मध्यभागी डाग उमटतो. बारा फुटी खोलीत हे अंतर मिळते का, ते टेप लावून मोजावे.

हे पडदे मॅट पडद्याहून कित्येक पट महाग असतात. पाहण्याचा कोन मर्यादित असतो, आणि काहींवर पांढऱ्या चित्रात साखरेसारखी चमचम दिसते. पडद्यासमोरच्याच खिडकीतून ऊन येत असेल, तर तो उजेड प्रोजेक्टरच्याच दिशेने येत असल्याने हे पडदेही फारसे काही करू शकत नाहीत.

भिंत, चादर आणि खादी

पडदा न घेता भिंतच वापरली तर? सपाट, पुट्टी मारून घासलेल्या भिंतीवर चमकविरहित पांढरा इमल्शन रंग दिला, तर ती उत्तम पडदा ठरते. चुन्यात नीळ घालून दिलेली सफेदी मात्र चित्राला निळसर छटा देते. चमकदार ऑइलपेंटमध्ये तर प्रोजेक्टरची भिंगच आरशासारखी दिसते.

गणेशोत्सवात गल्लीत कापड बांधून दाखवलेले चित्रपट अनेकांच्या आठवणीत असतील. पडद्याच्या मागे बसलेल्यांनाही चित्र दिसे, फक्त उलटे. कापडातून बराच उजेड आरपार जातो, याचा तो पुरावाच. महात्मा गांधी १९३६ साली सेवाग्रामला राहावयास आले, तेव्हापासून खादीशी नाते सांगणाऱ्या या जिल्ह्यात खादीचाच पडदा का नको, असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे. पण हातसुताची जाडी कमी-अधिक असते. पडद्यावर ती पोत म्हणून दिसते आणि आजच्या बारीक तपशिलाच्या चित्राला मारक ठरते. तात्पुरत्या वापरासाठी चादर वा खादी लावायचीच असेल, तर ती चारी बाजूंनी ताणावी आणि मागे काळे, दाट कापड लावावे.

मध्यवर्ती स्पीकर पडद्यामागे ठेवायचा असेल, तर सूक्ष्म छिद्रांचा किंवा खास विणलेला पडदा लागतो. छिद्रांतून काही उजेड वाया जातो आणि फार जवळून पाहिल्यास विणही जाणवते. लहान खोलीत स्पीकर पडद्याखाली ठेवणे सोयीचे.

विदर्भाचा उन्हाळा

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. गुंडाळता येणाऱ्या पीव्हीसी पडद्याच्या कडा अशा उष्णतेत हळूहळू वळू लागतात आणि पडद्यावर लाटा येतात. कूलरचा झोत पडद्यावर आला, तर पडदा हलतो आणि चित्रही. कूलरच्या ताट्यांच्या फटींतून दिवसा उजेड आत येतो, तो वेगळाच. म्हणून जागा असेल तर घट्ट चौकटीवर ताणलेला पडदा घ्यावा. गुंडाळणाराच हवा असेल, तर दोन्ही कडांना ताण देणाऱ्या दोऱ्या असलेला पाहावा. कूलरची खिडकी आणि पडद्याची भिंत शक्यतो वेगळी ठेवावी. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून पडदा थोडा पुढे टांगावा. धूळ कोरड्या, मऊ कापडाने अलगद टिपावी. एएलआर पडद्याला हात लावू नये आणि कोणत्याही पडद्यावर थिनर वा स्पिरिट वापरू नये.

खरेदीपूर्वीची परीक्षा

ज्या वेळी आपण एरवी चित्रपट किंवा सामना पाहणार, त्याच वेळी पडद्याच्या जागी एक पांढरा कागद चिकटवावा आणि प्रोजेक्टर न लावता नेहमीच्या जागेवरून त्याकडे पाहावे. कागद जेमतेम दिसत असेल, तर पांढरा मॅट पडदा पुरे. दिवे मालवल्यावर कागद दिसेनासा होतो, पण चित्र सुरू होताच भिंती-छत उजळतात, असे असेल तर करडा पडदा घ्यावा. कागद स्वच्छ पांढरा दिसत असेल, तर प्रथम उजेड अडवावा आणि तो अडवणे शक्यच नसेल तरच एएलआरचा विचार करावा. दुकानदाराकडून पडद्याचे वीतभर नमुने मागून घ्यावेत, ते एकाशेजारी एक लावून त्यांवर तेच चित्र टाकावे आणि मधल्या जागेबरोबरच अगदी कडेच्या खुर्चीवरूनही पाहावे. दुकानातील अंधाऱ्या दालनात सारेच पडदे सुंदर दिसतात. निर्णय घरच्या खोलीत घ्यावा.