विषाणूच्या अखेरच्या टप्प्याचा शोध

एचआयव्ही हा विषाणू स्वतःच्या बळावर वाढत नाही. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशीत शिरून तो तिचीच यंत्रणा राबवतो, आणि तिच्यातून बाहेर पडलेला नवा कणही परिपक्व झाल्याखेरीज दुसऱ्या पेशीला बाधा करू शकत नाही. ही परिपक्वता उलगडण्याचा इतिहास एड्सच्या कितीतरी आधी, कोंबड्यांच्या कर्करोगाच्या अभ्यासातून सुरू होतो.

१९११ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क पेशी अडकून राहतील अशा बारीक गाळणीतून गाळून निरोगी कोंबडीला टोचला, तेव्हा तिलाही तशीच गाठ झाली. या गाठीमागच्या विषाणूची जनुकीय माहिती आरएनए या रेणूत असते. ती आधी डीएनएमध्ये उतरवली जात असावी, ही हॉवर्ड टेमिन यांनी १९६४ मध्ये मांडलेली कल्पना फारशी कोणी मानली नाही, कारण माहितीचा प्रवाह डीएनएकडून आरएनएकडेच वाहतो अशी दृढ समजूत होती. १९७० मध्ये टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे हे उलटे काम करणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, शोधले. त्याला रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज म्हणतात.

१९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाला एका रुग्णाच्या लसीका ग्रंथीतून वाढवलेल्या पेशींमध्ये नवा विषाणू, म्हणजेच एड्सला कारणीभूत असलेला एचआयव्ही, सापडला, तो याच विकराच्या खुणेवरून. पुढे त्याचा मार्ग स्पष्ट होत गेला: पेशीवरील सीडी४ या प्रथिनाला चिकटून विषाणू आत शिरतो, त्याच्या आरएनएवरून डीएनए तयार होतो आणि इंटिग्रेज हे दुसरे विकर तो डीएनए पेशीच्या गुणसूत्रात कायमचा जोडून टाकते.

त्यानंतर पेशी विषाणूची प्रथिने घडवू लागते, परंतु ती सुटी नसून गॅग नावाच्या लांब साखळीत एकमेकांना जोडलेली असतात. अशा दोन-अडीच हजार साखळ्या पेशीच्या पडद्याला आतून चिकटतात आणि फुगवटा धरून कण बाहेर पडतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या कोवळ्या कणात कडेने दाट कडे दिसते, तर परिपक्व कणात मध्यभागी शंकूच्या आकाराचा गाभा दिसतो. हे रूपांतर प्रोटिएज हे विकर घडवते: ते साखळी ठरावीक जागी तोडते आणि सुट्या झालेल्या सुमारे १,५०० कॅप्सिड प्रथिनांचा शंकू आरएनएभोवती रचला जातो.

प्रोटिएजची रचना कमालीची काटकसरी आहे. ९९ अमिनो आम्लांचे दोन एकसारखे अर्धे भाग एकत्र येतात तेव्हाच कात्रीची धार तयार होते, कारण त्यासाठी लागणाऱ्या ॲस्पार्टिक आम्लाच्या दोन रेणूंपैकी प्रत्येक अर्धा एकेक पुरवतो. १९८८ मध्ये मर्क कंपनीच्या संशोधकांनी २५व्या स्थानावरील हे एकच आम्ल बदलले, तेव्हा कण तयार झाले, मात्र ते कोवळेच राहिले आणि त्यांनी संसर्ग केला नाही. १९८९ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रोटिएजच्या स्फटिकाची त्रिमितीय रचना उलगडली आणि त्या धारेत नेमके बसून ती बोथट करणारे रेणू घडवणे शक्य झाले.

त्यांपैकी सॅक्विनाविर या औषधाला अमेरिकेत डिसेंबर १९९५ मध्ये मान्यता मिळाली. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज नक्कल करताना वारंवार चुका करते, त्यामुळे विषाणू सतत बदलतो आणि एकट्या औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून १९९६ पासून तीन औषधे एकत्र दिली जाऊ लागली आणि अमेरिकेतील एड्सचे मृत्यू वर्षभरात जवळजवळ निम्म्यावर आले. भारतात २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत उपचार सुरू झाले, आणि पहिल्या औषधांना विषाणू जुमानेनासा झालेल्या रुग्णांसाठी प्रोटिएज रोखणारी औषधे २००८ मध्ये प्रथम मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात व चेन्नईजवळच्या तांबरम येथे मोफत मिळू लागली.

गुणसूत्रात जोडला गेलेला विषाणूचा डीएनए ही औषधे काढून टाकू शकत नाहीत, म्हणून उपचार जन्मभर घ्यावे लागतात. तरीही लाखो माणसे आज जगत आहेत, आणि त्याचे श्रेय औषध घडवणाऱ्यांइतकेच कोंबड्यांच्या गाठींचा अभ्यास चिकाटीने करणाऱ्यांचेही आहे. तात्काळ उपयोग दिसत नाही म्हणून मूलभूत संशोधनाबाबत हात आखडता घेणाऱ्या प्रत्येक समाजाने हा इतिहास ध्यानात ठेवला पाहिजे.